सूक्ष्म गांधीलमाशीचे दोन इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे तो राजांचा, लढायांचा आणि तहांचा असावयाचा, ही समजूत आतां बरीच मागें पडली आहे. मिठाचा इतिहास, कापसाचा इतिहास, साथीच्या रोगांचा इतिहास हे विषय सुशिक्षित वाचकांस आतां अपरिचित राहिलेले नाहींत. तरीहि तिळाएवढ्या, किंबहुना तिळाहूनहि लहान अशा एका माशीला इतिहास असतो, असें म्हटल्यास पुष्कळांस ती अतिशयोक्ति वाटेल. पण ज्या माशीसाठीं मनुष्यानें समुद्र ओलांडले, जिनें एका द्वीपसमूहांतील माडांच्या बागा वांचविल्या, आणि जिला जगविण्यासाठीं एका धनाढ्य राष्ट्राला प्रत्येक हिंवाळ्यांत तिची प्रयोगशाळेंत जोपासना करावी लागली, तिला इतिहास नाहीं असें कोण म्हणेल? या माशीच्या वंशाचे दोन इतिहास, एक प्रशांत महासागरांतील फिजी बेटांवरचा व दुसरा अमेरिकेंतला, आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों. दोन्ही ठिकाणीं शत्रु भुंगेराच होता आणि उपायहि एकाच वंशांतला होता. पण एके ठिकाणीं एकदां केलेलें काम पुरलें, दुसऱ्या ठिकाणीं तें दरवर्षीं नव्यानें करावें लागलें. असें कां व्हावें, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वीं आपल्याकडील एका जुन्या न्यायाचें स्मरण करणें उचित होईल. भ्रमरकीटन्याय आपल्या वेदान्तग्रंथांत व संतवाङ्मयांत वारंवार येतो. कुंभारीण भिंतीच्या कोपऱ्यांत मातीचें घरटें बांधते, त्यांत एखादी अळी आणून कोंडते, तोंड लिंपून टाकते, आणि कांहीं दिवसांनीं त्याच घरट्यांतून अळीऐवजीं कुंभारीण बाहेर पडते. त्यावरून आपल्या पूर्वजांनीं असें ठरविलें कीं, कोंडलेला कीटक भयानें म्हणा वा ध्यासानें म्हणा, अखंड त्या भ्रमराचेंच चिंतन करतो आणि अखेर भ्रमरच होऊन जातो. जीवानें ईश्वराचें चिंतन असेंच करावें, हें त्याचें तात्पर्य. या तात्पर्याची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. निरीक्षणहि खरेंच होतें: अळी आंत गेली आणि माशी बाहेर आली. मधली पायरी तेवढी दिसली नाहीं. कुंभारीण त्या घरट्यांत आपलें अंडेंहि ठेवते, आणि कोंडलेली अळी ही तिच्या पिलाची शिदोरी असते.

ही मधली पायरी न दिसणें हा कांहीं केवळ आपल्याच पूर्वजांचा दोष नव्हे. इटलींतील प्रसिद्ध निसर्गपंडित आल्द्रोव्हांदी यानें १६०२ सालच्या आपल्या ग्रंथांत कोबीवरील अळीच्या अंगाशीं दिसणाऱ्या बारीक कोषांचा उल्लेख केला आहे. पण तीं त्यानें अंडीं समजलीं. वास्तविक ते कोष अळीला आंतून खाऊन बाहेर पडलेल्या परोपजीवी माश्यांचे होते. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं, १७०० च्या आसपास, हॉलंडांतील लेवेनहूक व इटलींतील व्हालिस्निएरी यांनीं या प्रकाराचा खरा उलगडा केला. तेथून आणखी शंभर वर्षांनीं, १८०० सालीं, चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनीं शेतीवरील आपल्या ग्रंथांत या माश्या कोबीवरील अळ्यांच्या नाशासाठीं उपयोगीं पडतील असें सुचविलें. म्हणजे डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट बुद्धीला उमगण्यास एक शतक लागलें आणि ती उपयोगांत आणण्याची कल्पना सुचण्यास दुसरें.

या माश्या साध्या परोपजीवी नव्हेत, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. ऊ किंवा गोचीड यजमानाचें रक्त शोषते, पण सहसा त्याचा प्राण घेत नाहीं. यजमान मेला तर तिचाहि आधार तुटतो. या माश्यांचें पिल्लू मात्र यजमानाच्या देहांत वाढतें आणि स्वतःची वाढ पुरी करतां करतां त्याला मारतें. १९१३ मध्यें रॉइटर या फिनलंडमधील कीटकशास्त्रज्ञानें अशा जीवांस ‘पॅरासिटॉइड’ असें वेगळें नांव दिलें; आपण त्यांस प्राणहारक परोपजीवी म्हणूं. चार्ल्स डार्विन यांनीं १८६० सालीं आपले अमेरिकन मित्र एसा ग्रे यांस लिहिलेल्या पत्रांत असा आशय मांडला होता कीं, जिवंत अळीच्या देहांत राहून तिला खाण्यासाठीं या माश्या एखाद्या दयाळू ईश्वरानें हेतुपुरस्सर निर्माण केल्या असतील, हें आपल्या मनास पटत नाहीं. आपल्या संतांस अशाच व्यवहारांत मोक्षाचा दृष्टान्त दिसला, डार्विन यांस ईश्वराच्या दयेविषयीं शंका दिसली, आणि शेतकऱ्याला पुढें त्यांत पिकाचें रक्षण दिसूं लागलें. माशी बिचारी तिघांच्याहि विचारापासून अलिप्त राहून आपलें काम करीत होती.

आतां प्रस्तुत वंशाकडे वळूं. याचें शास्त्रीय नांव पेडिओबिअस. इंग्लंडांतील कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस वॉकर यानें १८४६ मध्यें हें नांव दिलें. पण १९३० च्या सुमाराच्या ग्रंथांतून हीच माशी प्लुरोट्रोपिस या नांवानें भेटते. गांधीलमाशी म्हटल्यावर डोळ्यांपुढें उभी राहणारी पिवळी, डंख मारणारी आकृति येथें विसरावी. ही माशी एक ते तीन मिलिमीटर लांबीची, काळसर व धातूसारखी चमक असलेली असते. माणसाला तिचा कांहींच उपद्रव नाहीं. कुंभारणीप्रमाणें ती घर बांधीत नाहीं. यजमानाचा देह हेंच तिचें घर आणि तेंच तिचें कोठार. या वंशांत पुष्कळ जाति आहेत व त्या नाना प्रकारच्या कीटकांवर जगतात. आपल्याला त्यांपैकीं दोनच पाहावयाच्या आहेत. एक पार्व्ह्यूलस, जावा बेटांतली. दुसरी फोव्हिओलाटस, जी आपल्या भारतांतून अमेरिकेस नेण्यांत आली. या दोन्ही जाति पानें खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर वाढतात.

फिजी हें नांव मराठी वाचकांस गिरमिटाच्या पद्धतीमुळें परिचित आहे. १८७९ ते १९१६ या अवधींत ६०,००० हून अधिक हिंदी मजूर करारानें बांधून त्या बेटांवर नेण्यांत आले. ते गेले मुख्यतः उंसाच्या मळ्यांसाठीं. पण उंसाखालोखाल त्या बेटांचें मोठें उत्पन्न म्हणजे नारळाचें. कोंकणांतील वाचकांस माड म्हणजे काय हें सांगावयास नको. फिजींतील समुद्रकाठच्या लोकांचा निर्वाहहि बऱ्याच अंशीं सुक्या खोबऱ्याच्या व्यापारावर चाले. या माडांवर प्रोमेकोथेका नांवाचा एक निळसर छटेचा भुंगेरा राहतो. त्याची अळी पानाच्या वरच्या व खालच्या सालींच्या मध्यें शिरून आंतला गर खाते आणि कोषांतील काळहि तेथेंच घालविते. अशा अळ्या असंख्य झाल्या म्हणजे झावळ्या विस्तवानें होरपळल्यासारख्या दिसूं लागतात आणि झाडाचें उत्पन्न बुडतें.

हा भुंगेरा त्या बेटांवर नवा आलेला नव्हता. तो तेथलाच जुना रहिवासी, आणि त्याला आवरणाऱ्या परोपजीवी माश्याहि तेथें होत्याच. मग तो एकाएकीं कां माजला? हें कोडें सोडविणाऱ्या गृहस्थाचें नांव टी. एच. सी. टेलर. त्यापूर्वीं माडावरील लेव्हुआना नांवाच्या पतंगाविरुद्ध फिजींत जी मोहीम झाली, तींत टोटहिल व पेन यांच्या बरोबरीनें टेलर यांनीं काम केलें होतें. त्या मोहिमेंत १९२५ सालीं मलायांतून एक परोपजीवी माशी आणून तो पतंग आटोक्यांत आणला गेला, आणि तिघांनीं मिळून त्या कामाचा वृत्तान्त १९३० मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. तेव्हां भुंगेऱ्याच्या बाबतींतहि कोठून तरी एखादी माशी आणावी आणि सोडावी, असा मोह होणें स्वाभाविक होतें. टेलर यांनीं आधीं उपद्रवाचें कारण शोधलें.

कारण सांपडलें तें असें. बाहेरून नकळत आलेला, कोळ्याच्या जातीचा व डोळ्यांस जेमतेम दिसणारा एक अष्टपाद जीव या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर व कोषांवर तुटून पडे. वरवर पाहतां तो शेतकऱ्याचा मित्रच म्हणावयाचा. पण त्याची वाढ इतकी झपाट्यानें होई कीं, एखाद्या बागेंतील जवळ जवळ सर्व अळ्या व कोष तो फस्त करी आणि मग खाण्यास कांहीं न उरल्यामुळें स्वतःहि नाहींसा होई. पूर्ण वाढलेले भुंगेरे मात्र त्याच्या तडाख्यांतून सुटत. ते पुढें एकाच सुमारास अंडीं घालीत, आणि बागेंतील सारी नवी पिढी एकाच वयाची निपजे. शाळेंत सर्व इयत्तांचीं मुलें असावयाचीं, तेथें एकाच इयत्तेचा वर्ग उरावा, तसा हा प्रकार होता.

आतां त्या बेटावरील जुन्या परोपजीवी माश्यांची काय गत झाली, हें पाहावें. त्यांचें आयुष्य थोडें. एखादीला भुंगेऱ्याचें अंडेंच हवें, एखादीला ठराविक वाढीची अळीच हवी. पूर्वीं बागेंत सर्व अवस्था एकाच वेळीं नांदत असल्यामुळें त्यांची कधींच उपासमार होत नसे. आतां कित्येक आठवडे बागेंत हवी ती अवस्थाच मिळेना. माशी जन्मास येई तेव्हां तिच्या पिलांसाठीं घर नसे, आणि घर तयार होई तेव्हां माशी मरून गेलेली असे. अशा रीतीनें मित्रांचा वंश तुटला आणि शत्रूचा वाढला. शत्रूची संख्या हा येथें दुय्यम भाग होता. त्याच्या कालक्रमांत पडलेला खंड हें खरें संकट होतें.

रोगाचें निदान असें झाल्यावर औषधाची निवड सोपी नसली तरी निश्चित झाली. जी माशी हा खंड ओलांडूं शकेल, म्हणजे एकाच ठराविक अवस्थेवर अवलंबून न राहतां निरनिराळ्या वयाच्या अळ्यांत आणि कोषांतहि वाढूं शकेल, तीच येथें टिकणार होती. तशी माशी टेलर यांस जावा बेटांत, याच भुंगेऱ्याच्या एका सोयऱ्यावर सांपडली. तीच आपली पार्व्ह्यूलस. १९३३ मध्यें ती फिजींत आणून सोडण्यांत आली. थोड्याच काळांत ती बेटांवर पसरली, आणि भुंगेऱ्याचा उपद्रव असा ओसरला कीं, त्यासाठीं पुन्हां मोहीम काढण्याची गरज उरली नाहीं. टेलर यांचा या विषयावरील ग्रंथ १९३७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला व या शास्त्रांतील प्रमाणग्रंथांत त्याची गणना होऊं लागली. त्याचें महत्त्व विजयापेक्षां विचाराच्या पद्धतींत आहे. कोणती माशी आणावी हें ठरविण्यापूर्वीं, येथल्या माश्या कां हरल्या हें त्यांनीं विचारलें.

या पद्धतीची किंमत कळण्यास त्याच दशकांतील, त्याच महासागराच्या काठचें एक उलट उदाहरण पुरेसें आहे. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत उंसाच्या मुळ्या खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांनीं शेतकरी त्रस्त झाले होते. त्यांच्या बंदोबस्तासाठीं १९३५ सालीं हवाई बेटांतून एका जातीचे मोठे विषारी बेडूक आणून सोडण्यांत आले. अळ्या जमिनीच्या पोटांत, भुंगेरे उंसाच्या शेंड्यांवर, आणि बेडूक मध्येंच जमिनीवर. त्यांची गांठ पडावी कशी? भुंगेरे होते तसेच राहिले. बेडूक मात्र उत्तर व पूर्व ऑस्ट्रेलियाभर पसरले, आणि त्यांना खाणारे तेथले मूळचे प्राणी त्यांच्या विषानें मरूं लागले. दोन वर्षांच्या अंतरानें केलेल्या या दोन प्रयोगांपैकीं एकाचें कौतुक होतें व दुसरा धडा म्हणून सांगितला जातो. दोहोंतील अंतर दैवाचें नव्हे, अभ्यासाचें आहे.

दुसरा इतिहास अमेरिकेंतला. ठिपक्याठिपक्यांचा, अर्ध्या वाटाण्यासारखा ढालकिडा आपण सर्वांनीं पाहिलेला असतो. हें कुळ मोठें उपकारी; त्यांतील बहुतेक जाति मावा व तशाच किडी खाऊन पिकाचें रक्षण करतात. परंतु चांगल्या कुळांतहि एखादी शाखा बिघडावी, तशी एपिलॅक्ना व तिच्या जवळच्या वंशांची मंडळी मांसाहार सोडून पानांवर तुटून पडते. त्यांपैकीं मेक्सिकन घेवड्याचा भुंगेरा या नांवानें ओळखली जाणारी जात मूळची मेक्सिको व त्याला लागून असलेल्या डोंगराळ प्रदेशांतली. १९२० सालीं ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्वभागांत, अलाबामांतील बर्मिंगहॅम शहराच्या परिसरांत आढळली. पश्चिमेकडून आलेल्या लसूणघासाच्या गंज्यांबरोबर ती आली असावी, असा तर्क आहे. पुढें थोड्याच वर्षांत पूर्वेकडील बहुतेक संस्थानांत तिनें बस्तान बसविलें, आणि घेवड्याच्या पानांची जाळी होऊं लागली. पुढें सोयाबीनची लागवड वाढली तेव्हां तेंहि पीक तिच्या तावडींत सांपडलें.

प्रथम उपाय झाला तो सोमलाच्या क्षारांचीं चूर्णें उधळण्याचा. मागाहून दुसरीं कीटकनाशकें आलीं. मेक्सिकोंतून भुंगेऱ्याची एक मूळची शत्रु माशी आणूनहि पाहिली, पण ती पूर्वेकडील हवेंत टिकली नाहीं. विषारी फवाऱ्यांचे दुष्परिणाम जसजसे ध्यानांत येऊं लागले आणि १९६२ सालीं रेचेल कार्सन यांच्या ग्रंथानें त्यांविषयीं लोकमत जागें झालें, तसतसें अशा दुसऱ्या मार्गांचें महत्त्व वाढत गेलें.

तेव्हां संशोधकांची दृष्टि भारताकडे वळली. आपल्याकडे मेक्सिकन भुंगेरा नाहीं. पण त्याचा चुलतभाऊ घरोघरीं ठाऊक आहे. वांग्याच्या पानांवर, कधीं बटाट्याच्या पानांवर, लालसर पाठीचा व काळ्या ठिपक्यांचा जो भुंगेरा बसतो, तोच हा. त्याच्या शास्त्रीय नांवाचा अर्थच ‘अठ्ठावीस ठिपक्यांचा’ असा आहे. त्याच्या पिवळ्या, कांटेरी अळ्या पानाचा हिरवा गर खरवडून खातात व नुसतें जाळें मागें ठेवतात. या अळ्यांत वाढणारी फोव्हिओलाटस ही माशी १९६६ सालीं भारतांतून संयुक्त संस्थानांत नेण्यांत आली. यजमान बदलला तरी तिचें अडलें नाहीं. मादी मोठ्या अळीच्या देहांत अनेक अंडीं घालते. पिलें आंतून अळीला खातात. अळी मरून तपकिरी व कडक होते. आणि सुमारें दोन-अडीच आठवड्यांनीं त्या वाळलेल्या सालीला भोंक पाडून सरासरीनें २०-२५ माश्या बाहेर येतात. उपकारी ढालकिड्यांच्या वाटेस ती सहसा जात नाहीं, हा तिचा आणखी एक गुण.

उन्हाळ्यांत अमेरिकेंतील शेतांतून माशीनें उत्तम काम केलें. पण फिजीसारखा शेवट येथें झाला नाहीं, कारण पुढें हिंवाळा आला. मेक्सिकन भुंगेरा थंडी काढतो ती पूर्ण वाढलेल्या अवस्थेंत, रानाच्या कडेला पडलेल्या पालापाचोळ्यांत दडून. त्या अनेक महिन्यांत शेतांत एकहि अळी नसते. माशीला तर अळीच हवी. भुंगेऱ्याच्या कठीण कवचाशीं तिला कांहीं कर्तव्य नाहीं. ज्या देशांत ती घडली, तेथें वांग्याचें पीक निघालें तरी बटाटा असतो, तोहि नसला तर बांधावर रिंगणीसारखीं वांग्याचीं रानटी सोयरीं असतात, आणि वर्षांतील बहुतेक महिने कोठें ना कोठें अळी मिळते. म्हणून बर्फाचे महिने उपाशी काढण्याची विद्या तिला कधीं शिकावीच लागली नाहीं. पहिला कडक हिंवाळा पडला कीं अमेरिकेंतील तिचा सारा वंश संपे. फिजींत जो खंड या वंशांतील एका माशीनें स्वतः ओलांडला, तोच खंड येथें दुसरीला ओलांडवेना.

मग तो ओलांडावा कोणी? मनुष्यानें! मेरीलंडमधील संशोधकांनीं १९७० नंतरच्या दशकांत एक युक्ति योजिली. स्टीव्हन्स, स्टाइनहाउअर व कूल्सन यांचा तिजवरील निबंध १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. सोयाबीनच्या शेतांजवळ घेवड्याचे लहान लहान वाफे हंगामाच्या आधीं लावावयाचे. थंडींतून जागे झालेले भुंगेरे प्रथम त्या कोंवळ्या घेवड्यावर उतरतात व अंडीं घालतात. अळ्या निघाल्या कीं तेथें माश्या सोडावयाच्या. त्या वाफ्यांत माश्यांची संख्या वाढते, आणि भुंगेरे सोयाबीनकडे वळतात तेव्हां मागोमाग माश्यांची फौज तयार असते. पुढें न्यू जर्सी संस्थानाच्या कृषिखात्यानें १९८० च्या सुमारास याच धर्तीवर दरवर्षीं माश्या सोडण्याचा क्रम सुरू केला.

या व्यवस्थेंतील गमतीचा भाग पुढेंच आहे. उन्हाळ्यांत सोडावयाच्या माश्या हिंवाळ्यांत जिवंत ठेवावयाच्या, तर त्यांना अळ्या पुरविल्या पाहिजेत. अळ्या पुरवावयाच्या, तर भुंगेरे पाळले पाहिजेत. आणि भुंगेरे पाळावयाचे, तर बाहेर बर्फ असतां आंत घेवडा पिकविला पाहिजे. म्हणजे ज्या शत्रूचा नाश करावयाचा, त्यालाच राजाश्रयानें घरीं ठेवून घेवड्याची मेजवानी द्यावयाची! राजनीतींत असा प्रकार कोणी सांगितला तर आपण हसूं. पण मित्र जगावा म्हणून शत्रूलाहि पोसावें लागतें, हें येथें अगदीं शब्दशः खरें आहे. आणि या कष्टांचें फळहि मिळालें: जेथें माश्या वेळेवर सुटल्या, तेथें त्या भुंगेऱ्यासाठीं विषारी फवारे मारण्याची गरज फार कमी झाली.

या दोन इतिहासांची तुलना करतांना पुष्कळ ग्रंथकार पहिल्याला पूर्ण यश व दुसऱ्याला अर्धें यश म्हणतात. हिशेबाच्या वहीपुरतें तें खरें असेल. आम्हांस तें तितकेंसें मान्य नाहीं. फिजींतील काम संपलें, कारण खंडाचें ओझें उचलणारी माशी मिळाली. अमेरिकेंतील काम संपलें नाहीं, कारण तें ओझें मनुष्यानें स्वतःच्या डोक्यावर घेतलें. जें दरवर्षीं करावें लागतें तें अपयश, असें मानलें तर पेरणी हेंहि अपयशच ठरेल. शिवाय एकदांच करून मोकळें होण्यांतहि जोखीम असते, हें विसरतां येत नाहीं. लेव्हुआना पतंगावर सोडलेली माशी इतकी प्रभावी ठरली कीं, तो पतंग कित्येक दशकांत कोणास आढळलेला नाहीं. तो पृथ्वीवरून कायमचा नाहींसा झाला असावा, असें पुष्कळ शास्त्रज्ञ समजतात. सोडलेली माशी परत बोलावतां येत नाहीं. अमेरिकेंतील भारतीय माशीला मात्र प्रत्येक हिंवाळा थांबवितो, आणि प्रत्येक वसंतांत तिला सोडावी कीं नाहीं याचा विचार माणसाला नव्यानें करतां येतो. यांत श्रम अधिक आहेत. पण चूक झाल्यास ती सुधारण्यास जागाहि आहे.

तथापि या व्यवस्थेचा दुबळेपणाहि आम्ही झांकीत नाहीं. जें कार्य दरवर्षीं करावयाचें, तें करणारी संस्था दरवर्षीं असली पाहिजे. एका वर्षीं पैसा मंजूर झाला नाहीं, जाणता माणूस निवृत्त झाला, पाळलेल्या भुंगेऱ्यांत रोग शिरला, कीं साखळी तुटली. यासाठीं लागणारा सद्गुण शौर्याच्या जातीचा नाहीं. तो देवघरांतील नंदादीपाला नित्य तेल घालणाऱ्या माणसाचा आहे. त्याची नोंद इतिहासांत क्वचितच होते. टेलर यांचें नांव ग्रंथांतून राहिलें, तें योग्यच झालें. पण हिंवाळ्यांतील सकाळीं घेवड्याच्या कुंड्यांना पाणी घालून अळ्या मोजणारे जे कोणी असतील, त्यांच्या श्रमांवर दुसरा इतिहास उभा आहे.

शेवटीं आपल्याकडचा विचार. ही माशी अमेरिकेनें भारतांतून नेली, तिच्यावर निबंध लिहिले, तिच्यासाठीं प्रयोगशाळा चालविल्या. आपल्या शेतांत ती न बोलावतां येते, कोणी पोसल्याशिवाय राहते, आणि म्हणूनच बहुधा तिच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. वांग्यावर पडणाऱ्या इतर किडींसाठीं जे फवारे मारले जातात, ते भुंगेरा व माशी असा भेद करीत नाहींत. भुंगेरा नव्यानें उडून येतो. माशीचा वंश मात्र त्या शेतापुरता तुटतो. म्हणजे अमेरिकेंत जो खंड बर्फ पाडतें, तो आपण आपल्या हातानें पाडतों; आणि तो भरून काढण्यास आपल्याजवळ हिंवाळ्यांतील घेवड्याच्या कुंड्याहि नाहींत.

परसांत चार वांगीं लावणाऱ्या वाचकांस एक लहानशी सूचना करून हा लेख पुरा करतों. जाळीदार झालेलें पान दिसलें कीं तें उलटून पाहावें. पिवळ्या, कांटेरी, हलणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या वेंचून टाकाव्यात. चार झाडांसाठीं विष शिंपडण्याचें कारण नाहीं. पण त्यांत एखादी अळी तपकिरी, फुगीर व कडक झालेली, पानाला चिकटून निश्चल पडलेली असेल, तर ती तशीच राहूं द्यावी. ती मेलेली आहे, पण रिकामी नाहीं. तिच्या आंत ज्या वीस-पंचवीस माश्या तयार होत असतील, त्यांच्याच जातभाईंसाठीं एका राष्ट्रानें समुद्रापार माणसें धाडलीं होतीं.